चूक स्वाराची, हप्ता मालकाचा

मलकापूरहून निघून मोताळ्यावरून पुढे राजूर घाटाची वळणे चढत बुलढाण्याला पोहोचणाऱ्या रस्त्यावर सकाळी कॉलेजच्या वेळेला दुचाक्यांची जी रीघ लागते, तिच्यात एका गाडीवर दोघे आणि कित्येकदा तिघे बसलेले असतात, हेल्मेट असलेच तर ते आरशाला अडकवलेले असते, आणि गाडी चालवणाऱ्याच्या खिशात लायसन असेलच याची खात्री त्याच्या मागे बसलेल्या मित्रालाही देता येत नाही. मोताळ्याला विद्यानगरी म्हणण्याचा प्रघात नाही. परंतु गावातल्या महाविद्यालयात येणारी खेड्यापाड्यांतील मुले, बुलढाण्याच्या जिजामाता महाविद्यालयात जाणारी आणि मलकापूरच्या कोलते अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाट धरणारी मुले यांचा एकत्र विचार केला, म्हणजे धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, रोहिणखेड यांसारख्या गावांतील तरुण पिढीचे उच्च शिक्षण या रस्त्यांवर किती अवलंबून आहे हे ध्यानात येते.

हे शिक्षण एसटीने व्हावे अशी शासनाची तजवीज नाही असे नाही. विद्यार्थ्यांना मासिक पासात सहासष्ट टक्क्यांहून अधिक सवलत आहे, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली पास मोफत मिळतो. तरीही दारात गाडी येते, याचे कारण असे की शेवटचा तास सुटण्याची वेळ आणि गावाकडे परतणाऱ्या बसची वेळ यांचा मेळ बसत नाही, आणि एक बस चुकली की पुढची केव्हा, हे स्थानकावर उभ्या असलेल्या कोणालाच सांगता येत नाही. त्यातच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, आणि ज्या घरांनी तोपर्यंत धीर धरला होता त्यांपैकी अनेकांनी त्या हिवाळ्यात कापसाच्या नि सोयाबीनच्या पैशांतून, नाहीतर फायनान्सवर, शे-सव्वाशे सीसीची गाडी घेतली. गाडी बापाच्या नावावर, पेट्रोल आईने बाजूला ठेवलेल्या पैशांतून, आणि चालवणार मुलगा. मालक एक आणि स्वार दुसरा, ही स्थिती आमच्याकडे इतकी सर्वसाधारण आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पुढील सर्व विवेचन मात्र याच एका गोष्टीवर उभे आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे ज्याला सारे ‘इरडा’ म्हणून ओळखतात त्या संस्थेने, वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या विम्याचा हप्ता वाढवता येईल काय याचा विचार करण्यासाठी एक कार्यगट नेमला, आणि त्या गटाचा मसुदा जानेवारी २०२१ मध्ये लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध करण्यात आला. मोटार विम्यात आज स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, त्रयस्थाच्या हानीचा आणि मालक-चालकाच्या व्यक्तिगत अपघाताचा असे जे निरनिराळे हप्ते असतात, त्यांच्या जोडीला ‘वाहतूक नियमभंगाचा हप्ता’ असा आणखी एक विभाग असावा. प्रत्येक गुन्ह्याला गुण ठरवावेत, मद्य पिऊन गाडी चालवल्यास शंभर आणि चुकीच्या जागी गाडी उभी केल्यास दहा. आणि त्या गुणांच्या बेरजेनुसार दुचाकीला शंभर ते साडेसातशे रुपये व चारचाकीला तीनशे ते दीड हजार रुपये जादा आकारावेत, अशी ती योजना होती. प्रयोग प्रथम दिल्लीत करावा असे सुचवले होते. तो मसुदा देशभर अमलात आला नाही. पण त्यामागची कल्पना काही लोपलेली नाही, आणि ती जेव्हा पुन्हा पुढे येईल तेव्हा दिल्लीच्या चौकांइतकाच मोताळ्याच्या बस स्थानकाचाही विचार तिच्यात व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे की, जो अधिक धोका निर्माण करतो त्याने अधिक भरावे हे तत्त्व न्याय्य आहे. आजची व्यवस्था तशी नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे आणि हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा २,०९४ रुपये. हे दर सरकार ठरवते, आणि त्यांत सांभाळून चालवणारा व बेदरकार चालवणारा असा कोणताही भेद नाही. दावा न केल्याबद्दल जी सूट मिळते, पहिल्या वर्षी वीस टक्क्यांपासून वाढत जाऊन पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचणारी, ती केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यावर मिळते. आणि जुन्या मोटारसायकलवर तो विमा आमच्याकडे फारसा कोणी काढतच नाही. म्हणजे राजूरच्या घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न देऊन, आपल्या बाजूने, डोक्यावर हेल्मेट घालून वर्षानुवर्षे जाणाऱ्या मुलाला त्याच्या सावधपणाबद्दल विम्यात एक पैचीही सवलत नाही, आणि त्याच घाटात वळणावर ट्रकला मागे टाकणाऱ्याला एक पैचाही भुर्दंड नाही.

हा भेद करता येतो हे जगाने दाखवून दिलेले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘प्रपोझिशन १०३’ या नावाचा कायदा स्वतः मतदान करून संमत केला, आणि त्याने मोटार विम्याचा हप्ता ठरवताना सर्वांत अधिक वजन चालकाच्या वाहन चालवण्याच्या इतिहासाला द्यावे, त्यानंतर वर्षभरात किती मैल गाडी चालते याला, आणि त्यानंतर चालकाच्या अनुभवाच्या वर्षांना, असा क्रम घालून दिला. त्याच कायद्याने चांगल्या चालकाला किमान वीस टक्के सवलत मिळण्याचा हक्क दिला. तेथील विद्यापीठांत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच वर्षी हे कळते की वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड एकदा भरून प्रकरण मिटत नाही, तो पुढील काही वर्षे विम्याच्या हप्त्यातून वसूल होत राहतो. आणि हेही कळते की किरकोळ गुन्ह्यानंतर वाहतूक शाळेत जाऊन धडे घेतले तर तो गुन्हा विमा कंपनीच्या नजरेआड राहू शकतो. परंतु तेथे पॉलिसीवर घरातील प्रत्येक चालकाचे नाव नोंदवलेले असते. गाडी कोणाची, याइतकेच ती कोण चालवतो, यालाही तेथे महत्त्व आहे. इरडाच्या कार्यगटाने नियमभंगाच्या हप्त्याची कल्पना स्वीकारली, पण तो हप्ता भरण्याची जबाबदारी गाडीच्या नोंदणीकृत मालकावर टाकली, मग त्या वेळी गाडी कोणीही चालवत असो. माझा आक्षेप आहे तो येथे.

हे प्रत्यक्षात कसे घडेल ते पाहावे. बुलढाण्यात चौकातल्या पोलिसाने मोबाइलवर गाडीचा फोटो काढला की एमएच २८ ने सुरू होणाऱ्या त्या क्रमांकावर चलन पडते, आणि त्याचा संदेश नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइलवर, म्हणजे बहुधा बापाच्या फोनवर, जातो. तो फोन त्या वेळी शेतात, बांधावरच्या झाडाला टांगलेल्या पिशवीत असतो. संदेश इंग्रजीत असतो. बँकेच्या आणि कर्जाच्या जाहिरातींच्या संदेशांखाली तो दबून जातो. मुलगा घरी काही सांगत नाही. पुढे केव्हातरी विम्याची मुदत संपते आणि तो शेतकरी ऑनलाइन कामे करून देणाऱ्या दुकानात जाऊन काउंटरवर आरसी पुस्तक ठेवतो. दुकानदार क्रमांक टाकतो, पडद्याकडे पाहतो आणि रक्कम सांगतो. आज ती रक्कम ७१४ आणि त्यावर अठरा टक्के कर धरून सुमारे ८४३ रुपये, आणि व्यक्तिगत अपघाताचा विमा जोडल्यास आणखी काही शे रुपये असते. उद्या तिच्यात नियमभंगाचे साडेसातशे, म्हणजे मूळ हप्त्याहूनही अधिक, मिळवले गेले, तर काउंटरपलीकडचा माणूस ‘कशाचे?’ असे विचारील, ‘चलनं आहेत भाऊ, गाडीवर’ असे उत्तर मिळेल, आणि आरसी पुस्तक पुन्हा खिशात जाईल.

आरसी पुस्तक खिशात गेले की ती गाडी विम्यावाचून रस्त्यावर धावते, आणि हा धोका मसुद्याच्या कर्त्यांनी पुरेसा तोललेला दिसत नाही. देशातील रस्त्यांवरच्या वाहनांपैकी निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नाही, हे विमा क्षेत्राच्या स्वतःच्या माहितीतूनच पुढे आलेले आहे, आणि त्यांत दुचाक्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून सुरू झाला. तो हितकारक होता, पण त्याचा एक परिणाम असा की पाच वर्षे विमा ही वस्तू घरच्या ध्यानातच राहत नाही. संपाच्या त्या हिवाळ्यात घेतलेल्या गाड्यांची पाच वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी संपणार आहे. ज्याला विमा संपल्याचेच ठाऊक नाही त्याला तो नव्याने घ्यायला लावणे हेच मुळात अवघड. तेथे रक्कम दुपटीच्या घरात नेली तर ते जवळजवळ अशक्य होईल. विमा नसल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली पहिल्या खेपेस दोन हजारांचा दंड आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण गाडी अडवली जाण्याची शक्यता किती, याचा अंदाज गावातल्या प्रत्येकाला अनुभवाने आलेला असतो, आणि तो त्याच अंदाजावर चालतो.

विमा नसला तर काय होते, हे अपघातापूर्वी कोणी पाहत नाही. म्हणून ते थोड्या तपशिलाने सांगतो. समजा, अशा गाडीची धडक बसून तीस वर्षांचा एक मजूर मरण पावला. त्याची कमाई महिना दहा हजार धरली आणि घरात बायको, दोन मुले व म्हातारी आई असली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निर्णयांत घालून दिलेल्या रीतीने हिशेब करते: भावी वाढीसाठी चाळीस टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, आणि वर्षाच्या रकमेला त्या वयासाठी ठरलेल्या सतराने गुणायचे. ही रक्कम एकवीस लाख बेचाळीस हजार होते, आणि अंत्यविधी वगैरेंच्या रकमा व व्याज वेगळे. विमा असता तर ही रक्कम कंपनीने दिली असती. विमा नसेल तर ती गाडीच्या मालकाकडून घ्यायची. आणि कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरणाने जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवला की ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. मोताळा तालुक्यातील दोन-चार एकरांच्या कोरडवाहू सातबाऱ्यावर असा बोजा चढला तर ते घर पिढीभर वर येत नाही. आणि तरीही मृताच्या विधवेच्या हाती ठरलेल्या रकमेचा अल्पसा अंशच, तोही बऱ्याच वर्षांनी, पडतो. दोन्ही घरे बुडतात. ८४३ रुपयांचा विमा या दोन्ही घरांच्या मध्ये उभा असतो, आणि म्हणूनच त्याच्या किमतीला कोणत्याही शिक्षेचे साधन करता कामा नये असे माझे ठाम मत आहे.

याच ओघात आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती विद्यार्थ्यांना माहीत नसते. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्या दुचाकीवर मागे बसलेला मित्र त्या विम्याच्या संरक्षणात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. डबल सीट जाणारा प्रत्येक मुलगा आपल्या मागच्याला अशा रीतीने विम्याच्या बाहेर बसवून नेतो. आणि चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर २००४ च्या स्वर्णसिंग निर्णयाप्रमाणे कंपनी जखमीला पैसे देते खरे, पण नंतर ते मालकाकडून वसूल करण्याचा तिला हक्क राहतो. ‘विमा आहे ना’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बापाला या दोन्ही गोष्टी कोणी तरी समजावून सांगायला हव्या होत्या. त्याला पॉलिसी विकणाऱ्याने त्या सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

यावर असे म्हटले जाईल की, ज्याने किल्ली दिली त्यानेच उत्तर द्यावे, आणि बापाने मुलाला आवर घालावा म्हणूनच हप्ता मालकावर टाकला आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडी देणाऱ्याच्या बाबतीत हे मला पूर्णपणे मान्य आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ अशा पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजारांचा दंड व तीन वर्षांपर्यंतचा कारावास सांगते, आणि त्यात दया दाखवण्याचे मला कारण दिसत नाही. परंतु वीस वर्षांचा मुलगा कायद्याने सज्ञान आहे. तो मतदान करतो, त्याला स्वतंत्र परवाना मिळतो, आणि परवाना देताना शासनाने त्याची परीक्षा घेतलेली असते. त्याने सिग्नल तोडला तर ते त्याच्या नावावर लागले पाहिजे. ते बापाच्या गाडीच्या नावावर लागत राहिले, तर त्या मुलाला पुढे नोकरी लागून तो स्वतःची मोटार घेईल तेव्हा त्याचा इतिहास कोराच असेल, आणि बापाला मात्र न केलेल्या चुकांचे पैसे भरावे लागलेले असतील.

शासनाकडे वाहनांची नोंद ‘वाहन’ या प्रणालीत आणि परवान्यांची नोंद ‘सारथी’ या प्रणालीत आहे. विम्याचा संबंध आज पहिलीशी जोडलेला आहे. नियमभंगाचे गुण दुसरीत जमा व्हावेत, एवढीच मागणी आहे. ज्या ठिकाणी पोलीस गाडी थांबवून परवाना तपासतो त्या ठिकाणी गुण परवान्यावर लिहिणे अवघड नाही. ज्या ठिकाणी केवळ फोटो आहे आणि चेहरा ओळखू येत नाही, त्या ठिकाणी दंड मालकाकडून घ्यावा, पण गुण कोणाच्याही नावावर टाकू नयेत. आणि गुणांचा परिणाम थर्ड पार्टी हप्त्यावर किंवा त्याला चिकटून येणाऱ्या कोणत्याही रकमेवर होऊ नये. तो स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर, परवान्याच्या नूतनीकरणावर आणि व्यावसायिक परवाना मिळण्यावर व्हावा, ज्यायोगे चूक करणाऱ्याला ती जाणवेल आणि रस्त्यावरचा तिसरा माणूस उघडा पडणार नाही. मोटारगाड्यांच्या बाबतीत तर जुलै २०२२ मध्ये इरडानेच गाडी कशी व किती चालवली जाते त्यावर हप्ता ठरवण्याची मुभा कंपन्यांना दिली आहे, तीही स्वतःच्या नुकसानीच्या विम्यापुरती. ती मर्यादा योग्यच आहे, आणि नियमभंगाच्या हप्त्यालाही तीच मर्यादा असावी.

केवळ रक्कम वाढवून माणसे सुधारतात ही समजूत एकदा आपण तपासून पाहिलेली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये दंड अनेक पटींनी वाढले, तेव्हा महाराष्ट्राचे तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ते लागू न करता फेरविचाराची विनंती केली, आणि राज्यात वाढीव दंड आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. त्यानंतरही २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत महाराष्ट्रात रस्ते अपघातांतील मृत्यू पंधरा हजारांच्या वरच राहिले. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. आमच्या जिल्ह्याने तर जुलै २०२३ च्या एका महिन्यात दोन मोठे आघात सोसले: १ तारखेला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी गेले, आणि २९ तारखेला मलकापुरात दोन बस समोरासमोर धडकून सहा जण. अशा अपघातांची बातमी देशभर जाते. दुचाकीवरून पडलेल्या मुलाची जात नाही. त्याची नोंद पोलीस ठाण्याच्या डायरीत आणि महाविद्यालयाच्या एका शोकसभेत होऊन संपते.

म्हणून गुण लावण्याबरोबरच ते फेडण्याचा मार्गही असला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने नियम मोडणाऱ्या चालकासाठी उजळणी प्रशिक्षणाची तरतूद केली आहे, आणि तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांत दंडाबरोबर समाजसेवा सांगण्याचाही अधिकार राज्य शासनाला दिला आहे. त्यासाठी मोताळ्याच्या मुलाला प्रत्येक वेळी बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचे खेटे घालायला लावण्याचे कारण नाही. परिवहन खात्याच्या निरीक्षकाने महिन्यातून एक शनिवार महाविद्यालयातच यावे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या विभागाने हजेरी घ्यावी, घाटातल्या वळणांची आणि महामार्गावरील जोडरस्त्यांची नकाशावर माहिती द्यावी, आणि वर्ग पूर्ण करणाऱ्याचे काही गुण त्याच्या परवान्यावरून उतरवावेत. जुलैत प्रवेश घेताना ज्या अर्जात जातीचा दाखला आणि आधार क्रमांक मागतात, त्याच अर्जात गाडीचा क्रमांक व विम्याची अखेरची तारीख मागायला काही खर्च येत नाही. ती तारीख जवळ आली की कार्यालयातील कारकुनाने सूचनाफलकावर क्रमांक लावावा आणि घरी मराठीत एक पत्र पाठवावे, ज्यात ८४३ रुपये आणि एकवीस लाख बेचाळीस हजार रुपये हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतील.